मानमोडीतून वाचलेल्या कोंबड्यांचीच पिल्लं वाढवली तर?

माळावरची_वस्ती
नमस्कार मंडळी. आमची वस्ती सिन्नरच्या पूर्वेला, पाऊस बेताचा, बाजरी-कांदा आणि आईच्या हातच्या गावठी कोंबड्या. आखाडात मेव्हणे येणार म्हणून आठवडे बाजारातनं दोन कोंबडे आणले. एक कापला, दुसऱ्याची वेळ आली नाही कारण पाहुणे एक दिवस आधीच गेले. तो रात्री आमच्याच खुराड्यात डालला, ही माझी चूक, कबूल. पाच-सहा दिवसांनी एकेक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली, हिरवी-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, मग मान पाठीवर मुरडायची. मानमोडी. ४१ होत्या, बारा दिवसांत ६ उरल्या. ५ माद्या, १ नर.

त्या सहांतली एक तांबडी आहे, ती एक दिवससुद्धा मलूल झाली नाही. आजूबाजूला मरत होत्या आणि ही उकिरडा उकरत होती. दोन आजारी पडून उठल्या, त्यातली एक अजून मान तिरपी करून गोल फिरते.

आता प्रश्न. दर वर्षी लस, दर महिन्याला कसली ना कसली पावडर पाण्यात, हे करण्यापेक्षा या सहांचीच पिल्लं काढत गेलो तर चार-पाच वर्षांत रोग न लागणारी जात तयार होईल का? शेजारचे काका म्हणतात होईल, "जे वाचलं ते खरं". कुणी केलंय का?

रस्सामंडळ
पहिला प्रश्न असा की पहिल्या कोंबड्याचा रस्सा कसा झाला होता? ;)

विनाऔषध
होईल, नक्की होईल. मी भोरच्या डोंगरात ९ वर्षं कोंबड्या पाळतोय, एक थेंब लस नाही, एक गोळी नाही. सुरुवातीला खूप मेल्या, अगदी रडू यायचं. पण मेल्या त्या मेल्या, उरल्या त्यांची पिल्लं ठेवली. आता वर्षाला चार-दोन जातात, त्याही मुंगसाने. औषधानं आपण दुबळ्या कोंबड्या जगवतो आणि त्यांचीच अंडी उबवतो, मग पुढची पिढी अजून दुबळी. तुमच्या तांबडीला सोन्यासारखी जपा.

खुडूक_मालती
दादा वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे पण दोन वर्षांपूर्वी अख्खं खुराडं रिकामं झालेलं, सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मेलेल्या कोंबड्यांचं काय केलंत? उघड्यावर टाकू नका हो, खड्डा करून चुना टाकून पुरा. कुत्रं ओढत शेजारच्या वस्तीवर नेतं आणि मग तिथं सुरू.

डॉ_पायवाट
पशुवैद्यक आहे, गावोगाव फिरतो म्हणून हे नाव. थोडं लांबण लागेल.

दादा, वाचलेली कोंबडी आणि रोग न लागणारी कोंबडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारी पडून उठलेल्या ज्या दोन आहेत त्यांच्या रक्तात आता अँटिबॉडीज आहेत. त्या अँटिबॉडीज त्यांनी कमावल्यात, वारशात मिळालेल्या नाहीत. अंड्याच्या बलकातून थोड्या पिल्लाला जातात, त्या दोन-तीन आठवडे पुरतात, मग पिल्लू कोरं. म्हणजे आईनं मानमोडी जिंकली म्हणून लेकीला ती लागणार नाही असं नाही. पैलवानाच्या पोराला तालमीत जावंच लागतं.

दुसरं, ती का वाचली हे आपल्याला माहीत नसतं. जीन चांगले असतील. किंवा विषाणू कमी गेला असेल, किंवा पूर्वी कधी हलकी लागण होऊन गेली असेल, किंवा निव्वळ नशीब. ४१ मधल्या ६ म्हणजे नशिबाला भरपूर वाव आहे.

तिसरं जास्त महत्त्वाचं. मानमोडीचं एक वेळ ठीक, पण काही रोगांत वाचलेला पक्षी वाहक राहतो. मायकोप्लाझ्माची जुनाट सर्दी, पिल्लांची पांढरी हगवण, हे तर अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतात. म्हणजे "वाचलेलीची पिल्लं" या तत्त्वानं तुम्ही कधीकधी रोगच उबवता.

आणि कृपा करून लस आणि औषध एकाच पोत्यात घालू नका. मानमोडी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. त्या पाण्यातल्या पावडरी बंद करा, त्याला माझा पाठिंबा. कोलिस्टिनसारखं माणसासाठी शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक कोंबड्यांना वापरायला सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही. पण लस सोडू नका.

विनाऔषध
डॉक्टरसाहेब, लसच रोग वाढवते असंही सिद्ध झालंय. मरेक्स म्हणून कोंबड्यांचा एक विषाणूचा रोग आहे, त्याच्या लसीवर २०१५ मध्ये संशोधन आलं होतं, लस दिलेल्या कोंबड्या मरत नाहीत पण विषाणू पसरवत राहतात, त्यामुळे जास्त जहाल विषाणू टिकून राहतात. ते का नाही सांगत?

डॉ_पायवाट
सांगतो की. अँड्र्यू रीड यांच्या गटाचं काम ते, खरं आहे. मरेक्सची लस रोग थांबवते, संसर्ग थांबवत नाही. जो विषाणू कोंबडीला आठ-दहा दिवसांत मारून स्वतःही संपला असता, तो लस दिलेल्या कोंबडीत आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. लस दिलेल्या कळपाशेजारी बिनलशीची कोंबडी ठेवणं हेच सगळ्यात धोक्याचं. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लसही संसर्ग शंभर टक्के अडवत नाही. तुमच्या आसपास सगळे लस देत असतील आणि तुम्ही एकटेच देत नसाल तर तुमचं काय होईल ते बघा.

आजीचं_डालगं
मी सावंतवाडीकडची, आता ठाण्यात. आमच्या आजीकडे जात निवडण्याची पद्धत होती, पण ती रोगावरून नव्हती हो. रवणीला, म्हणजे उबवायला, कुठली अंडी घालायची ते ती ठरवायची, आणि तिची परीक्षा अशी की घार आली की जी कोंबडी पिल्लं पंखाखाली घेऊन वर अंग फुलवून उभी राहते तिचीच अंडी. जी पळते तिची अंडी पोळ्यात. आणि पावसाळ्यात ज्या कोंबडीची पिल्लं ओल्यात फिरूनही रक्ती हगवणीनं मरत नाहीत ती खूण करून ठेवायची, पायाला लाल चिंधी. साथ आली की मात्र आजी पण हतबल. गावात साथ आली म्हटलं की लोक दुसऱ्या दिवशी कोंबड्या घेऊन बाजारात, मिळेल त्या भावाला. आणि बाजारातनं त्या दुसऱ्या गावात. माळावरच्या दादांचा कोंबडा बहुतेक तसाच आला असणार.

एक गोष्ट मला नंतर सुचली. आपल्याकडे सगळ्यात तरतरीत, तुरा लालभडक, आधी बांग देणारा कोंबडा असतो तो देवाला जातो. नाहीतर जावयाला. मागे राहतो तो किडकिडा, आणि तोच सगळ्या कळपाचा बाप. शंभर वर्षं आपण हेच करतोय :D

रस्सामंडळ
जावई म्हणून या निरीक्षणाचा निषेध.

एम्सकर
मी अमेरिकेत आयोवामध्ये असतो, पोल्ट्रीशी माझा संबंध एवढाच की बायको इथल्या विद्यापीठात आहे आणि मी तिच्या विभागाच्या पार्ट्यांना फुकट जेवतो. पण तिथं एक गोष्ट ऐकली ती या धाग्यासाठीच आहे. आयोवा स्टेटमध्ये फायोमी नावाच्या इजिप्शियन कोंबड्या आहेत, कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम म्हणून भाग आहे तिथल्या. १९५४ मध्ये आणल्या, त्याच मुळी रोगाला दाद देत नाहीत अशी ख्याती होती म्हणून. लेगहॉर्न (नेहमीची अंड्यांची जात) आणि फायोमी यांना एकाच वयात मानमोडीच्या विषाणूचा सौम्य प्रकार दिला तर फायोमीच्या अंगातून विषाणू लवकर कमी होतो आणि अँटिबॉडीज जास्त तयार होतात असं त्यांना दिसलं. म्हणजे जातीजातीत फरक आहे, हे नक्की.

फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे फायोमी हे शेकडो वर्षांचं काम आहे, चार वर्षांचं नाही. दुसरी, "कमी विषाणू" म्हणजे "शून्य विषाणू" नाही.

माळावरची_वस्ती
फायोमी आपल्याकडे मिळते का?

डॉ_पायवाट
काही ठिकाणी मिळते, पण शोधत फिरू नका. आपल्याकडेच बरंच आहे. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था (कारी) आहे, तिनं देशी रक्त घेऊन जाती केल्यात, असीलपासून कारी निर्भीक, कडकनाथपासून कारी श्यामा, उघड्या मानेच्या कोंबडीपासून हितकारी, उलट्या पिसांच्या कोंबडीपासून उपकारी. हैदराबादचे वनराज, ग्रामप्रिया, बंगळूरचा गिरिराज. आपल्या खडकी, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरच्या सरकारी उबवणी केंद्रांत चौकशी करा. उघड्या मानेच्या कोंबडीला पिसं कमी म्हणून उन्हाळा सोसतो, सिन्नरच्या मे महिन्यात ते कामाचं आहे. पण यातल्या एकाही जातीला "मानमोडी लागत नाही" असं कुणी सांगितलं तर तो विकणारा आहे असं समजा.

अंकगणित
मला कोंबड्यांतलं कळत नाही, आकड्यांतलं कळतं. १ नर आणि ५ माद्या. जनुकांच्या दृष्टीनं हा कळप सहाचा नसतो. सूत्र असं: ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. ४×१×५ = २०, भागिले ६, म्हणजे ३.३. सहा पक्षी असून कळप सव्वातीन पक्ष्यांइतका. दर पिढीला जवळच्या रक्ताचं प्रमाण १ भागिले (२×३.३), म्हणजे १५ टक्क्यांनी वाढणार. दोन पिढ्यांत अंडी कमी उबणार, पिल्लं किरकोळ होणार, आणि गंमत म्हणजे रोगप्रतिकारशक्तीही ढासळणार. ४ नर २० माद्या ठेवल्या तर हाच आकडा पावणेचार टक्क्यांवर येतो.

थोडक्यात, तुम्ही ज्यासाठी हे करताय त्याच्याच उलट होईल.

खुडूक_मालती
बापरे, म्हणून आमच्याकडे गेल्या वर्षी दहा अंड्यांतली चारच उबली? आमचा कोंबडा तर त्याच कोंबड्यांचा मुलगा, नातू, सगळंच.

अंकगणित
ताई, एका वर्षावरून सांगता येत नाही, अंडी जुनी असली किंवा रवणीतली कोंबडी सारखी उठत असली तरी तसं होतं. पण कोंबडा बदला. दूरच्या गावातल्याशी अदलाबदल करा, विकत घ्यायची गरज नाही.

डॉ_पायवाट
अदलाबदल करा पण आणलेला कोंबडा तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्यात, वेगळं पाणी. आधी आपल्या कोंबड्यांना दाणे टाका, मग त्याला. उलट नको. या धाग्याची सुरुवात कशी झाली ते विसरू नका.

नवापूरचा_पाहुणा
रोगप्रतिकारक जात वगैरे ठीक आहे, पण २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मी तिथं होतो, देशात पहिल्यांदाच आला होता. पांढरे सूट घातलेली माणसं, जेसीबीचे खड्डे, लाखो पक्षी. गावातल्या परसातल्या कोंबड्यासुद्धा सोडल्या नाहीत. एक म्हातारी तिची कोंबडी पदराखाली लपवून बसली होती, ती माणसं समजावत होती. तेव्हा कुणी विचारत नव्हतं की तुमची कोंबडी दणकट आहे का. तो रोग आला की निवड वगैरे काही नाही, पटापट मरायला लागल्या की हात न लावता सरकारी दवाखान्यात कळवायचं.

डॉ_पायवाट
+१. आणि म्हणूनच दादा, मानमोडी "दिसली" म्हणजे मानमोडीच असं नका धरू. लक्षणं सारखी असतात. मेलेला ताजा पक्षी तपासायला द्यायला हवा होता.

रस्सामंडळ
विषयांतर करतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला पण आपल्याकडे मानमोडीच म्हणत ना? आमचे पणजोबा त्यात गेले असं घरात सांगतात. आणि कोंबडीच्या रोगाचं नाव राणीखेत कसं काय, थंड हवेचं ठिकाण ना ते?

डॉ_पायवाट
हो, त्या साथीला पण मानमोडीच म्हणत. राणीखेत म्हणजे कुमाऊँमधलंच. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथं हा रोग नोंदवला गेला म्हणून आपल्याकडे ते नाव पडलं. इंग्लंडात न्यूकॅसलला १९२६ मध्ये दिसला म्हणून बाहेर न्यूकॅसल. आपण मात्र मान बघून नाव ठेवलं, जास्त शहाणे आपणच.

आजीचं_डालगं
परत मुद्द्यावर. विनाऔषधभाऊ, तुमची वस्ती डोंगरात आहे म्हणता. शेजारी किती घरांत कोंबड्या आहेत? बाजारातनं कधी आणता का?

विनाऔषध
शेजारी कुणी नाही, पहिलं घर दीड-दोन किलोमीटरवर. बाजारातनं ९ वर्षांत एकही आणली नाही. पण त्याचा काय संबंध?

आजीचं_डालगं
भाऊ, तोच तर संबंध :) रोग तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

विनाऔषध
(दुसऱ्या दिवशी लिहितोय.) रात्री विचार केला. खरं सांगायचं तर तिसऱ्या वर्षी एकदा पुतण्यानं जत्रेतनं दोन तलंगा आणल्या होत्या, त्यांना वेगळं ठेवलं तरी त्या वर्षी निम्म्या गेल्या. मी ती "छाटणी" म्हणून मोजत होतो. त्यानंतर बाहेरून काही आलंच नाही. तेव्हा मानमोडीचं डॉक्टर म्हणतात ते मान्य.

पण एक मुद्दा सोडणार नाही. जंत, रक्ती हगवण, पावसाळ्यातली सर्दी, यात माझ्या कोंबड्या खरंच सुधारल्या. हे रोग आमच्याकडे बाहेरून यावे लागत नाहीत, जमिनीतच आहेत, दर पावसाळ्यात परीक्षा होते. पिल्लं आईबरोबर जमिनीवर फिरतात, थोडं थोडं अंगात जातं, त्यातनं जी तरारतात त्यांची अंडी ठेवतो. हे लसीनं होत नाही आणि पावडरीनं तर उलट होतं.

डॉ_पायवाट
हे मी छापून दवाखान्यात लावतो. अगदी बरोबर बोललात. दर वर्षी हमखास होणाऱ्या आणि कळपाचा सत्यानाश न करणाऱ्या रोगांवर निवड करता येते, कारण फरक दिसतो आणि निवडायला पक्षी उरतात. दहा वर्षांतून एकदा येऊन ४१ च्या ६ करणाऱ्या रोगावर तुम्ही निवड करत नाही, तो तुमची करतो. त्याला लस.

अजून एक, वजनाच्या मागे लागू नका. व्हर्जिनियात अनेक दशकं जास्त अँटिबॉडी बनवणाऱ्या आणि कमी बनवणाऱ्या अशा दोन ओळी वेगळ्या वाढवल्या, जास्त बनवणाऱ्या वजनाला हलक्या निघाल्या. अंगाकडे एकच पगार येतो, तो वाढीवर खर्च करायचा की पहाऱ्यावर हे ठरतं.

माळावरची_वस्ती
सगळ्यांचे आभार. इतकं वाचून डोकं चक्रावलं, त्या मान तिरप्या कोंबडीसारखं. मग सध्या करायचं काय? आणि लसीचं अजून एक दुखणं आहे, बाटली शंभर डोसची, माझ्याकडे सहा कोंबड्या. बाटली एकदा फोडली की दीड-दोन तासांत संपवायची, बाकीचं ओतून द्यायचं. मागं एकदा तालुक्याहून बर्फाशिवाय आणली, घरी येईपर्यंत कोमट. तेव्हापासूनच "लस देऊन पण मेल्या" असं आम्ही म्हणायला लागलो.

डॉ_पायवाट
ती लस नव्हती, कोमट पाणी होतं. थर्मासमध्ये बर्फ. वस्तीवरच्या सगळ्या घरांचा एक दिवस ठरवा, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा एक थेंब, मग आठ आठवड्यांच्या पुढे आरटूबीचं इंजेक्शन, दोन्ही मानमोडीच्याच लसी. आरटूबी लहान पिल्लाला देऊ नका. उष्णता सोसणारी आय-टू म्हणून एक लस ऑस्ट्रेलियात खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी तयार झाली, आफ्रिकेत बायका स्वतः घरोघर डोळ्यात थेंब टाकतात. अडचण तुमच्या एकट्याची नाही.

माळावरची_वस्ती
(सात महिन्यांनी)
धागा वर काढतोय. चार घरांनी मिळून लसीचा दिवस ठरवला, पंच्याऐंशी पक्षी निघाले, बाटली जवळजवळ पुरी वापरली. नांदूरहून मावसभावाचा एक कोंबडा अदलाबदलीत आणला, तीन आठवडे गोठ्याच्या पलीकडे डालग्याखाली ठेवला, आई म्हणाली जावयाची पण एवढी बडदास्त नसते. त्याला देवाला द्यायचा नाही असं घरात ठरलंय, तुरा कितीही लाल झाला तरी. तांबडी फाल्गुनात खुडूक झाली, १३ अंडी घातली, ११ पिल्लं निघाली, त्यातली ९ आहेत, दोन घारीनं नेली. म्हणजे आजीच्या परीक्षेत तांबडी नापास.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ती मलाच परवा कळली. आईला सहज म्हणालो, या तांबडीत काहीतरी आहे बघ, सगळ्या गेल्या आणि हिला काहीच झालं नाही. आई म्हणाली, "अरे ती कुठं खुराड्यात असते? लहानपणापासून लिंबावर झोपते. कितीदा काठीनं उतरवली, ऐकतच नाही." म्हणजे तो बाजारातला कोंबडा रात्रभर कोंडलेला होता बाकीच्यांबरोबर, आणि ही वर फांदीवर.

रस्सामंडळ
=)) =)) सात महिने आपण झाडावर झोपणाऱ्या कोंबडीच्या जनुकांवर चर्चा केली.

अंकगणित
झाडावर झोपण्याची सवय पण वारशात येत असेल तर सूत्र तेच लागू.

डॉ_पायवाट
दिवसा एकाच उकिरड्यावर होत्या ना पण, तेव्हा लागण अगदीच झाली नसेल असंही नाही. एक करता येईल, तिचं रक्त तपासून घेऊ. तिला तेव्हा मानमोडी होऊन गेली होती का नुसतीच वाचली, हे अँटिबॉडीजवरून कळेल. फक्त तिला लस द्यायच्या आधी.

माळावरची_वस्ती
डॉक्टर, पहिलं इंजेक्शन तिलाच टोचलं. लिंबावरनं उतरवायलाच अर्धा तास लागला होता.